बाबांचं बत्तीस, दुकानदाराचं तीनशे सत्तावीस

पत्र मोठं होतं, कापून देतो आहे:

"काका, मी ५४ वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली, आता ह्यूस्टनजवळ केटीला. आम्ही दोघंही अमेरिकन नागरिक. ह्यांच्या नोकरीमुळे महिन्यातले दहाएक दिवस मी घरी एकटी असते. मागच्या गल्लीत दोन घरं फोडली गेली, तेव्हापासून स्वतःसाठी हँडगन घ्यायचं चाललंय. ह्यांच्याकडे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आहे, पण माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे आणि ती स्लाइड मला ओढवत नाही. माझ्या वडिलांकडे परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं. लहानपणी ते पुसताना मी शेजारी बसायची. हे ऐकल्यावर दुकानदाराने मला .३२७ फेडरल मॅग्नम नावाच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर दाखवलं. म्हणाला, सहा गोळ्या बसतात, आणि तुमच्या वडिलांचं काडतूसही यात चालतं. हे म्हणतात, 'ज्याच्या गोळ्या वॉलमार्टात मिळत नाहीत ते घ्यायचं कशाला? सरळ थर्टी-एट घे.' कोणाचं ऐकू? आणि बाबा गेल्या वर्षी गेले, त्यांचं रिव्हॉल्व्हर इकडे आणता येईल का?"

ताई,

आधी तुमच्या यजमानांच्या वॉलमार्टबद्दल. त्यांना सांगा, हँडगनच्या गोळ्या विकणं बंद करायचं वॉलमार्टने २०१९ सालीच जाहीर केलं. तिथे थर्टी-एट शोधायला गेलात तरी हात हलवत परत याल. पण म्हणून त्यांचा मुद्दा खोटा ठरत नाही. गोळ्या कुठे मिळतात हा रास्त प्रश्न आहे, आणि दुकानदाराने त्याबद्दल तुम्हाला काही सांगितलेलं दिसत नाही.

तुम्ही काडतुसाबद्दल विचारलंत. सविस्तर सांगणार आहे, कारण या बत्तीसच्या घराण्याचा मला जरा नादच आहे. पण तुमच्या बाबतीत काडतुसाचा नंबर तिसरा लागतो. पहिला चाप, दुसरं वजन, मग काडतूस. क्लबात नेमबाजीची रेंज सांभाळताना मी हे उलटं झालेलं फार बघितलं: आधी काडतुसाच्या प्रेमात पडायचं, मग त्याचं हत्यार घ्यायचं, आणि दुसऱ्या महिन्यात ते कपाटात, कारण हाताला झेपत नाही.

रिव्हॉल्व्हरला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे ओढायचा वरचा भाग, नसते, त्यामुळे संधिवात असलेल्याला लोक डोळे मिटून रिव्हॉल्व्हर सुचवतात. ते सुचवताना चाप विसरतात. घोडा, म्हणजे मागचा काडतुसावर आपटणारा हातोडा, आधी मागे न ओढता झाडायचं तर प्रत्येक वेळी तर्जनीने गोळ्यांचा सिलिंडर फिरवायचा असतो आणि स्प्रिंग दाबून घोडाही मागे न्यायचा असतो. छोट्या रिव्हॉल्व्हरचा हा चाप दहा-बारा पौंडांच्या घरात असतो. तुमचं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी आहे, तर्जनीत नाही, म्हणून कदाचित जमेल. पण 'कदाचित'वर पैसे घालू नका. दुकानात जा, रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याचं दुकानदाराला दाखवायला सांगा, स्वतःही बघा, आणि त्याच्या परवानगीने सुरक्षित दिशेला धरून सलग बारा वेळा चाप ओढा. बाराव्या वेळी नळी थरथरायला लागली किंवा दुसरं बोट मदतीला न्यावंसं वाटलं, तर .३२७ नको आणि .३८ही नको. दोन्हींचे चाप सारखेच.

तसं झालं तर काय, हेही सांगून ठेवतो. स्मिथ अँड वेसनने २०१८ साली शील्ड ईझी नावाचं .३८० चं पिस्तूल आणलं, ते अशाच हातांसाठी. स्लाइडची स्प्रिंग मुद्दाम हलकी ठेवलेली आहे. आणि यजमानांच्या पिस्तुलावरही एकदा पुन्हा प्रयत्न करून बघा. बहुतेक जण स्लाइड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मागे खेचतात. तुमच्या सांध्याला याहून वाईट पकड नाही. पिस्तूल रिकामं करा, छातीजवळ आणा, नळी समोरच्या सुरक्षित दिशेला. डावा पंजा स्लाइडवरून पालथा घालून चारही बोटांनी घट्ट धरा, आणि स्लाइड न ओढता उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला. जोर खांद्यातून येतो. आमच्याकडे सत्तरीच्या एक बाई ही युक्ती कळल्यावर नवऱ्यावर चिडल्या होत्या, चार वर्षं त्यांना कोणी हे सांगितलंच नव्हतं.

चाप जमतो असं धरून पुढे जाऊ.

बत्तीसच्या घराण्यात चार भावंडं आहेत. कंबर चौघांची एक, उंची वेगवेगळी. सगळ्यांत थोरलं .३२ स्मिथ अँड वेसन, १८७८ सालचं. त्याची पितळी पुंगळी जेमतेम १५ मिलिमीटर. मग १८९६ चं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, पुंगळी २३ मिलिमीटर. तुमच्या बाबांचं बत्तीस बोअर म्हणजे हेच. त्याच वर्षी थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त होते आणि त्यांनी शिपायांना कोल्टची बत्तीसचीच रिव्हॉल्व्हर दिली. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, पण बत्तीस मागे पडलं, पोलीस थर्टी-एटकडे वळले. १९८४ मध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम आलं, २७ मिलिमीटरचं. आणि २००७ साली फेडरल आणि रूगर या दोन कंपन्यांनी मिळून सर्वांत धाकटं, सर्वांत उंच आणि सर्वांत तापट भावंड जाहीर केलं: .३२७ फेडरल मॅग्नम, साडेतीस मिलिमीटर.

नावाला भुलू नका. .३२७ ची गोळी .३२७ इंचाची नाही, ती .३१२ इंचाची आहे, चौघांचीही तीच. नाव ठेवताना .३५७ मॅग्नमचा भास व्हावा एवढाच उद्देश असणार, असं माझं मत.

कंबर एक असल्यामुळे लांब चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खणात, आखूड काडतूस बसतं. .३२७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये चौघंही चालतात. दुकानदार खोटं बोलला नाही. उलटं मात्र कधीही करायचं नाही. मोठं काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरात बसत नाही, आणि कोणी कानस मारून बसवलं तर हात जाईल. कारण दाब बघा. बाबांच्या बत्तीस लाँगला अमेरिकेतल्या प्रमाणानुसार कमाल दाब चौरस इंचाला १५,००० पौंड. .३८ स्पेशलला १७,०००. .३५७ मॅग्नमला आणि यजमानांच्या नऊ मिलिमीटरला ३५,०००. आणि या शेंडेफळाला ४५,०००.

एवढ्या दाबाने होतं काय? गोळीचं वजन इथे ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज, आणि १८० ग्रेनचा एक तोळा. .३२७ ची १०० ग्रेनची, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून जराशी जड गोळी सेकंदाला १,५०० फुटांच्या आसपास निघते. तेवढीच गोळी बाबांच्या काडतुसातून ७०० फुटांच्या आसपास. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं गणित इथे तळहाताला कळतं. मधलं भावंड, एच अँड आर मॅग्नम, ८५ ग्रेनच्या गोळीला ११०० फुटांच्या जवळपास नेतं. ऊर्जेत ते साध्या .३८ स्पेशलच्या पंगतीला जाऊन बसतं, आणि हाताला धक्का मात्र कमी, कारण गोळी हलकी.

या मधल्या भावंडावर बोट ठेवा. पुढे त्याच्याकडेच येणार आहे.

.३२७ च्या बाजूने पहिली खरी गोष्ट म्हणजे सहावी गोळी. काडतूस सडपातळ असल्यामुळे ज्या छोट्या सिलिंडरमध्ये .३८ किंवा .३५७ ची पाच बसतात तिथे बत्तीसची सहा बसतात. रूगरचं एसपी-१०१ हे त्याचं सरळ उदाहरण; .३५७ मध्ये घेतलंत तर पाच, .३२७ मध्ये सहा. पाचाचे सहा म्हणजे वीस टक्के जास्त, आणि आकार तोच. दुसरी गोष्ट जोर: पूर्ण ताकदीचं .३२७ छोट्या रिव्हॉल्व्हरातून जे करतं ते .३८ ला जमत नाही. तिसरी तुमच्यापुरती सगळ्यांत मोठी, एकाच हत्यारात हलकं काडतूस घालून शिकता येतं आणि हात तयार झाला की वरची पायरी चढता येते. .३५७ घेऊन त्यात .३८ झाडणारेही हेच करतात, पण त्यांची सगळ्यांत खालची पायरी तुमच्यापेक्षा उंच आहे. बत्तीस लाँगचा धक्का पाऊण किलोच्या पोलादी रिव्हॉल्व्हरात जवळजवळ जाणवतच नाही.

आता दुकानदाराने काय सांगितलं नाही ते.

आवाज. कुठल्याही हँडगनचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे असतो आणि १४० पासून एकाच दणक्यात कान कायमचा दुखावू शकतो. आखूड नळीतून ४५,००० पौंडांचा दाब सुटतो तेव्हा तो या सगळ्यांत कर्कश, वर अंधारात आगीचा लोळ. रेंजवर कानात बोळे आणि वरून मफ्स असतात. रात्री दोन वाजता बेडरूममध्ये काहीच नसतं. मी पूर्ण ताकदीचं .३२७ दोन इंची नळीतून झाडून बघितलं आहे, सहा गोळ्या, आणि सातवी भरावीशी वाटली नाही.

वजन. दुकानदाराने तुम्हाला रूगरचं हलकं एलसीआर दाखवलं असेल तर ते अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरतं. पर्समध्ये छान, हातात नाही. धक्का शोषून घेतं ते वजन. हलकं हत्यार घेतलंत की तोच धक्का तुमच्या दुखऱ्या सांध्याने शोषायचा.

नेम. सिलिंडरमध्ये चार प्रकारची काडतुसं चालतात, पण नळीवरच्या पक्क्या बसवलेल्या माशा, म्हणजे नेम धरायच्या खुणा, काही चारही प्रकारांसाठी जुळवलेल्या नसतात. हलकी वेगवान गोळी खाली लागते, जड संथ गोळी वर. सात यार्डांवर फरक चिंता करण्याइतका नसतो, पण बत्तीस लाँगने महिनाभर सराव केलात आणि घरी भरून ठेवलंत .३२७, तर तुमची गोळी कुठे जाते ते तुम्हाला माहीत नाही, असंच धरायचं. सरकती मागची माशी असलेलं मॉडेल मिळालं तर बरं.

आणखी एक बारीक भानगड. आखूड काडतुसं झाडत राहिलं की चेंबरमध्ये त्यांच्या तोंडाशी काजळीचं कडं धरतं, दुधाच्या पातेल्याला धरतं तसं. ते खरवडून काढलं नाही तर लांब काडतूस अर्ध्यावर अडकतं, किंवा झाडल्यावर पुंगळी बाहेर निघत नाही. बत्तीस लाँगच्या सरावानंतर सहाही चेंबर ब्रशने साफ करायचे, त्याच दिवशी. बाबांना पुसताना बघितलंयत, तुम्हाला हे जड जाऊ नये.

आणि आता यजमानांचा मुद्दा, गोळ्यांचा. नऊ मिलिमीटरच्या पन्नासच्या डब्याला जे पडतात, त्याच्या सुमारे दुप्पट .३८ ला, आणि .३२७ ला तिपटीच्याही पुढे. गंमत म्हणजे बत्तीस लाँगही इथे स्वस्त नाही. इतकी चिमुकली गोळी, दारू चिमूटभर, तरी .३८ पेक्षा महाग, कारण खपतच नाही. शिवाय दुकानाच्या फळीवर बहुतेक वेळा जागा रिकामी असते. २०२०-२१ मध्ये गोळ्यांचा दुष्काळ पडला तेव्हा कारखान्यांनी यंत्रं खपणाऱ्या मापांवर लावली. नऊ मिलिमीटर महाग झालं, पण येत राहिलं,.३२७ वाल्यांनी नुसती वाट बघितली. तुम्ही टेक्सासात आहात ही जमेची बाजू, ऑनलाइन मागवलेला खोका थेट दारात येतो. काही राज्यांत तेही होत नाही.

कमी चालणारं काडतूस घेताना माणसाला मनात एक भीती असते, उद्या हे बंदच पडलं तर? भीती खोटी नाही. ग्लॉक कंपनीने २००३ मध्ये .४५ गॅप नावाचं काडतूस आणलं. काही राज्यांच्या पोलिसांनी ते स्वीकारलं, मग एकेकाने सोडलं, आणि आज ती पिस्तुलं बाळगणारे गोळ्या शोधत हिंडतात. फेडरलनेच २०२२ मध्ये .३० सुपर कॅरी काढलं, त्याचंही मला फारसं बरं दिसत नाही. .३२७ वर अशी वेळ आली तर? तर रिव्हॉल्व्हर तरीही निकामी होत नाही, कारण खालची भावंडं आहेत. आणि बत्तीस लाँग मरायला तयार नाही. पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल या जागतिक स्पर्धेच्या प्रकारात बहुतेक नेमबाज याच काडतुसाचं सपाट तोंडाचं वॅडकटर रूप वापरतात, म्हणून फिनलंडचं लापुआ आणि इटलीचं फिओकी ते आजही बनवतात. आपल्या जसपाल राणाने १९९४ ला हिरोशिमात आणि २००६ ला दोहात एशियाडचं सुवर्ण याच प्रकारात घेतलं. दोहात ६०० पैकी ५९० गुण, तेही अंगात ताप असताना.

दुसरा आधार भारत. इथे ज्याला दुर्मिळ म्हणतात ते तिकडे घरोघरीचं, म्हणजे ज्या घरात परवाना आहे त्या घरातलं. कारण साधं आहे: नऊ मिलिमीटर, .३८०, .४५५ ही लष्करी मापं कायद्याने सामान्य माणसाला बंद, मग उरतं बत्तीस. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर, वेब्लेच्या धर्तीवर मधोमध मोडणारं, ते बत्तीस लाँगचंच. २०१४ मध्ये कानपूरहूनच 'निर्भीक' निघालं, अर्ध्या किलोचं, खास बायकांसाठी म्हणून जाहिरात केलेलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. बाईच्या हातात द्यायचं तर हलकंच हवं हा समज दोन्ही देशांत सारखा आहे, बघा. हलकं हत्यार झाडायला सगळ्यांत अवघड. तुमच्या बाबांना परवान्यावर वर्षाला ठरावीक काडतुसं मिळत, त्यामुळे त्यांनी ते झाडण्यापेक्षा पुसलंच जास्त असणार. तुम्हाला तसं करून चालणार नाही.

मग माझा कौल.

चाप झेपला, तर .३२७ चं रिव्हॉल्व्हर घ्या, पण .३२७ साठी घेऊ नका. पोलादी घ्या, एसपी-१०१ सारखं, तीन-चार इंची नळीचं, हातात घेतल्यावर 'अगं बाई, जड आहे' असं वाटेल असं. सरावाला बत्तीस लाँग. घरात भरून ठेवायला एच अँड आर मॅग्नम, ते मधलं भावंड: जोर थर्टी-एटइतका, धक्का त्याहून कमी, आणि एक गोळी जास्त. खरं .३२७ वर्षाकाठी दोन वेळा झाडा, हौस म्हणून, कानावर दुहेरी संरक्षण घालून. नाहीच झाडलं तरी तुमचं काही अडणार नाही.

याला एक अट आहे आणि ती पाळणार नसाल तर यजमान बरोबर आहेत. आधी गोळ्या मागवायच्या, मग रिव्हॉल्व्हर. पाचशे बत्तीस लाँग, दोनशे एच अँड आर मॅग्नम, घरात येऊन पडल्या की दुकानात जायचं. त्या खोक्याचं बिल बघून पोटात गोळा आला, तर समजा की दर महिन्याचा सराव तुम्ही करणार नाही, आणि सराव न करणाऱ्याने सहाव्या गोळीची चर्चा करू नये. मग सरळ पोलादी .३८ घ्या, त्यात १४८ ग्रेनचं वॅडकटर भरा. तेही फार सौम्य काडतूस आहे, जवळपास सगळीकडे मिळतं, आणि तुम्ही काही गमावलंत असं मी म्हणणार नाही. खरं तर रेंजवर भाड्याने .३२७ मिळणं कठीण आहे, .३८ सहज मिळतं. तेव्हा पुढच्या शनिवारी .३८ भाड्याने घेऊन पन्नास वॅडकटर झाडून याच. दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना अंगठा काय म्हणतो ते बघा.

पैसा वाचवायची जुनी वाट .२२ ची. एलसीआर .२२ मध्येही येतं, आठ गोळ्यांचं, आणि गोळ्या सगळ्यांत स्वस्त. तुमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं ते .२२ वरच. हात .२२ वर तयार होतो, मोठं काडतूस नंतर. शिवाय घरी नकली काडतुसं भरून रोज दहा वेळा चाप. खोलीत खरी गोळी एकही नको, आणि समोर गोळी अडेल अशी भिंत. त्याला पैसे पडत नाहीत.

मधेच दोन गोष्टी, तुम्ही विचारलेल्या नाहीत तरी. तुमच्याकडे गणपती बसतो असं पत्रात एका ओळीत आलंय. आरतीला पाऊणशे माणसं, आणि मोठी माणसं प्रसाद वाढत असताना पोरं सगळ्या खोल्यांत. बोटांच्या खुणांनी किंवा आकड्यांनी उघडणारी लहान तिजोरी पलंगाजवळ पक्की बोल्ट करून घ्या, यजमानांच्या पिस्तुलालाही. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं गुन्हा आहे, पण गुन्हा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आणि घरात कोणी मनाने खचलेलं असेल, तुम्ही स्वतःही, वडील जाऊन वर्ष होतंय म्हणून विचारतो, तर हे सगळं काही महिने पुढे ढकला. मजबूत दार, दिवे आणि अलार्म तोवर घर सांभाळतील.

दुसरी गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी जास्त. तुम्ही नागरिक आहात. ग्रीन कार्डवाल्यांनाही चालतं. पण एच-वन किंवा व्हिजिटर व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, इथे हत्यार बाळगणं केंद्रीय कायद्याने बंद आहे, आणि रेंजवर हौसेने हातात घेणंही त्यातच येतं. भावजी फिरायला आलेत, चला त्यांना दोन गोळ्या झाडू द्या, असं करू नका.

आता बाबांचं रिव्हॉल्व्हर. इकडे आणायचा विचार सोडा. तिकडून निर्यातीचा परवाना, इकडे आयातीचा, मधे परवानाधारक आयातदार, आणि सामानात घालून विमानात चढलात तर दोन्हीकडे तुरुंग. जास्त निकडीचं वेगळंच आहे. परवाना बाबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. भारताच्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. भावाने ते अजून कपाटात ठेवलं असेल तर आज रात्रीच फोन करा, तिकडे सकाळ असेल. जमा केल्याची पावती घ्यायची, उरलेली काडतुसंही मोजून द्यायची, आणि मग वारस म्हणून त्याला स्वतःच्या नावावर हवं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज.

तुम्हाला आठवण म्हणून काही हवंच असेल, तर त्याचं चामडी म्यान आणा. त्याला ना परवाना लागतो ना कोणी अडवतं, आणि जुनं वेब्लेच्या घडणीचं म्यान एसपी-१०१ ला बसणार नाही, म्हणून वापरायचा मोहही होणार नाही. पट्ट्याला काडतुसांच्या कड्या शिवलेल्या असतील. त्यात शोभेला म्हणूनही पितळ खोचून ठेवू नका. चामड्यात पितळ कळकतं, हिरवं पडतं, आणि मग ते चिंचेनेही निघत नाही.

तुमचा,
काका